चाल कोणाची? (गोविंदराव टेंबे यांच्या निमित्ताने)

गेल्या भाद्रपदात येथील आमच्या मंडळाने गणेशोत्सवानिमित्त नाट्यसंगीताचा एक कार्यक्रम केला. दिल्लीस बदलून आलेल्या आणि केव्हाही बदलून जाण्याच्या वाटेवर असलेल्या मराठी माणसांचा तो उत्सव. वर्षभर जी कुटुंबे एकमेकांना बसथांब्यावर ओझरती भेटतात, ती ह्या दहा दिवसांत एका मांडवात बसतात. कार्यक्रमाची पत्रिका लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. केंद्र सरकारच्या कचेरीत दिवसभर टिपणे लिहिणाऱ्या कारकुनाला एक पानाची पत्रिका काय अवघड, असा त्यामागे हिशेब असावा. आम्हीही ती मोठ्या हौसेने लिहिली. प्रत्येक पदापुढे नाटकाचे नाव घातले, नाटककाराचे नाव घातले, आणि शेवटी कंसात 'बालगंधर्व', 'केशवराव भोसले', 'मास्टर दीनानाथ' अशी ज्यांच्या मुखाने ते पद गाजले त्यांची नावे दिली. एकही शुद्धलेखनाची चूक राहू दिली नाही, ह्याचा आम्हांला थोडा अभिमानही वाटत होता.

मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी एक वयोवृद्ध गृहस्थ आमच्याजवळ आले. लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त होऊन त्यांना पुष्कळ वर्षे झाली. पण दुसऱ्याच्या कागदातली उणीव हेरण्याची दृष्टी काही निवृत्त झालेली नाही. पत्रिकेची घडी उलगडून ते म्हणाले, "पत्रिका छान झाली आहे हो. फक्त एवढेच सांगा, ह्या चाली काय आकाशातून पडल्या?" आम्ही निरुत्तर झालो. त्या रात्री गायिलेल्या पदांपैकी चार पदे 'मानापमाना'तली होती. त्यांच्या चाली ज्यांनी दिल्या त्या गोविंदराव टेंबे यांचे नाव आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. ते लिहिण्याचे सुचले नाही, एवढेच. आणि न सुचणे हे ठाऊक नसण्याहून वाईट, हे आम्हांला घरी जाताना उमगले.

कचेरीत काम करणाऱ्या वाचकांस ही गोष्ट फोडून सांगण्याचे कारण नाही. मसुदा एकाने करावा आणि सही दुसऱ्याने करावी हा आमच्या जगाचा नियमच आहे, आणि त्याबद्दल आमची तक्रारही नाही. परंतु फाइलीच्या समासात मसुदा करणाऱ्याची आद्याक्षरे तरी राहतात. दहा वर्षांनी कोणी ती फाइल काढलीच, तर हे मूळ कोणाचे ते कळते. आमच्या पत्रिकेने तेवढीही सोय ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या कपाटातून 'संगीत मानापमान'ची जुनी, मुखपृष्ठ हरवलेली प्रत आम्ही घरी आणली. जुन्या संगीत नाटकांची पुस्तके ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ठाऊक असेल की प्रत्येक पदाच्या माथ्यावर बारीक अक्षरांत एक ओळ असते: राग अमुक, ताल तमुक, चाल अमक्या पदाची किंवा चिजेची. आपण वाचताना ही ओळ ओलांडून सरळ पदावर येतो. ती ओळ हेच ह्या साऱ्या इतिहासाचे दप्तर आहे.

त्या दप्तराचे पहिले पान उघडावयाचे तर अण्णासाहेब किर्लोस्करांपाशी जावे लागते. आणि येथे आमच्या वर्गाला थोडी ऐट करता येण्याजोगी गोष्ट अशी की अण्णासाहेब हे रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीस होते. पुण्यात पारशी मंडळींचा 'इंद्रसभे'चा खेळ त्यांनी पाहिला, असे मराठीत का होऊ नये असे त्यांच्या मनाने घेतले, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी 'शाकुंतला'चे पहिले चार अंक पुण्यात रंगभूमीवर आले. त्या नाटकात दोनशेच्या वर पदे आहेत. एवढ्या चाली त्यांनी कोठून आणल्या? जेथून मिळतील तेथून. कीर्तनातली साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत घेतले. लावणीचा ठसका घेतला. स्वतः कानडी मुलखातले असल्यामुळे कानडी पदांच्या चाली घेतल्या. त्या काळी चाल 'लावणे' हे स्वतंत्र काम नव्हते. नाटककार ओळखीची चाल मनात धरी आणि तिच्या मापाने अक्षरे बसवी. प्रेक्षक ती चाल देवळात किंवा ओसरीवर आधीच ऐकून आलेला असे, म्हणून पद पहिल्या प्रयोगालाच त्याच्या ओठांवर येई. गोविंद बल्लाळ देवलांनी हाच मार्ग अधिक सफाईने चोखाळला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी-उर्दू रंगभूमीवरच्या चटकदार चाली आणल्या. त्यांचे पुष्कळांनी कौतुक केले आणि पुष्कळांनी नाके मुरडली. पण तिघांच्याही बाबतीत चाल निवडणारा तो नाटककारच. 'संगीतकार' म्हणून वेगळा माणूस ठेवावा, त्याच्या हाती संबंध नाटकाच्या चाली सोपवाव्या, ही कल्पना अजून जन्मास यावयाची होती.

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म ५ जून १८८१ चा, कोल्हापूरकडचा. कोल्हापूर तेव्हा संस्थान होते, आणि शाहू छत्रपतींच्या आश्रयामुळे गायनाच्या बाबतीत मोठ्या शहरांनी हेवा करावा असे होते. अल्लादियाखाँसाहेबांसारखा गवई तेथे दरबारी होता. गावात देवल क्लब नावाची संस्था होती. तेथे गवई उतरत, गात, आणि ऐकणारे कान तयार होत. टेंबे ह्या क्लबात वाढले. पेटी त्यांना कोणी रीतसर शिकविली नाही. ऐकून, पाहून, चाचपडून ती त्यांनी आपली केली. पुढे भास्करबुवा बखल्यांच्या साथीला ते पेटीवर बसू लागले, आणि खरे शिक्षण तेथे झाले. साथीदाराला गवयाच्या पुढच्या स्वराचा अंदाज अर्ध्या क्षणात घ्यावा लागतो. त्याच्या श्वासाबरोबर श्वास घ्यावा लागतो. वर्षानुवर्षे हे करणाऱ्या माणसाला कोणत्या गळ्यातून काय निघेल आणि काय निघणार नाही हे जितके कळते, तितके पुष्कळदा त्या गळ्याच्या मालकालाही कळत नाही. टेंब्यांच्या सगळ्या पुढच्या कामाची किल्ली आमच्या मते येथे आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी पेटीवरची ठुमरी ही उत्तरेकडची मोठी मोहिनी होती. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील भैयासाहेब गणपतराव यांनी पेटीला आणि ठुमरीला जोडून जी नवी वाट पाडली होती, तिचा बोलबाला कलकत्त्यापर्यंत झाला होता. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानच्या तबकड्या निघाल्या, आणि बनारस-लखनौकडचे जे गाणे ऐकण्यासाठी पूर्वी तिकडे जावे लागे ते दिवाणखान्यात येऊन वाजू लागले. महाराष्ट्रातल्या खानदानी बैठकीत ख्यालाचा मान मोठा. ठुमरी-दादरा-कजरी म्हणजे शेवटी तोंड गोड करण्यापुरती. टेंब्यांना मात्र त्या गोडव्यात नाटक दिसले.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे त्या वेळी 'केसरी'च्या वर्तुळातले जहाल लेखणीचे गृहस्थ. १९०७ साली आलेल्या त्यांच्या 'कीचकवधा'वर १९१० साली सरकारने बंदी घातली. त्यानंतर किर्लोस्कर नाटक मंडळीसाठी त्यांनी 'मानापमान' लिहिले. श्रीमंत घरची मानी भामिनी, गरीब पण शूर सेनापती धैर्यधर, पैशाच्या घमेंडीत असलेला भित्रा लक्ष्मीधर. धैर्यधराला झिडकारणारी भामिनीच पुढे वनमालेच्या वेषात त्याच्या छावणीत वावरते आणि त्याच्यावर लुब्ध होते, अशी ती कथा. ह्या नाटकाच्या सर्व चाली देण्याचे काम टेंबे यांजकडे आले. मराठी रंगभूमीवर स्वतंत्र संगीतकार येथून सुरू झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तेव्हा टेंबे तिशीच्या आत होते. हे वाक्य लिहिताना, तिशी ओलांडूनही ज्यांच्या नावावर बढतीच्या अर्जापलीकडे काही नाही अशा आम्हांला जरा संकोच वाटतो.

टेंब्यांनी काय केले? साकी-दिंडीची जुनी गाठोडी बाजूला सारली. पारशी रंगभूमीचा उसना भपकाही नको म्हटले. त्यांनी पूर्वेकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या चाली घेतल्या आणि त्या भामिनीच्या तोंडी दिल्या. हे किती नेमके होते पाहा. ठुमरीतली नायिका रुसते, टोमणा मारते, नाही म्हणताना होय सुचविते. एकच शब्द पाच वेळा म्हणते आणि पाचही वेळा त्याचा अर्थ निराळा करते. भामिनीचे सारे नाटक तेच आहे. तिचा मान आणि तिने केलेला अपमान ह्यांच्या मध्ये जी सुतासारखी बारीक जागा आहे, ती दिंडीच्या चालीत मावली नसती. दिंडी गोष्ट पुढे नेते, ती मनात घोटाळत नाही. धैर्यधराला मात्र निराळे कपडे. त्याच्या 'चंद्रिका ही जणू' ह्या पदाला आरभी हा कर्नाटकी राग आहे. म्हणजे एका नाटकाच्या नायिकेला गंगेकाठचे सूर आणि नायकाला दक्षिणेचा राग. आणि दोघे बोलतात शुद्ध मराठी.

आम्ही महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे नाट्यपद ऐकले की गहिवरतो आणि 'आपले गाणे' म्हणतो. ते आपले आहेच. पण आमच्या शेजारच्या क्वार्टरात बनारसकडचे एक कुटुंब राहते. त्यांच्या आजी आमच्या घरी लावलेली 'मानापमाना'ची पदे ऐकून एकदा दारात थबकल्या आणि म्हणाल्या, हे तर आमच्याकडचे आहे, बोल तेवढे तुमचे. तेव्हा आम्हांला थोडे लागले होते. आता वाटते, पदाच्या माथ्यावरच्या बारीक ओळीत जे छापले आहे तेच त्या माउलीने कानाने वाचले.

मग टेंब्यांचे त्यात काय, असा प्रश्न कोणी करील. आणि तो टाळण्यात अर्थ नाही. चीज जर आधीच होती, तर ती उचलून देणाऱ्याला कर्ता का म्हणावे? आम्ही ह्या प्रश्नाशी पुष्कळ दिवस झगडलो. आमचे उत्तर असे आहे. चीज बैठकीत असते तेव्हा तिला वेळेचे बंधन नसते. गवई तिच्यात तासभर फिरू शकतो. रंगभूमीवर तिचे आयुष्य काही मिनिटांचे. तेवढ्यात तिने प्रसंग उचलून धरला पाहिजे, अक्षरे शेवटच्या रांगेपर्यंत पोचविली पाहिजेत, आणि गाणाऱ्या नटाने अभिनय करीत, चालत, वळत ती म्हणता आली पाहिजे. तेव्हा कोणती चीज घ्यावी, तिचा मुखडा कोठे आखडावा, ताल जलद करावा की ठाय ठेवावा, कोणत्या स्वरावर नटाने प्रेक्षकांकडे पाहावे, हे सारे ठरवावे लागते. मराठी अक्षराचे वजन व्रजभाषेहून वेगळे. तिकडे जेथे स्वर लांबतो तेथे आमच्याकडे जोडाक्षर आडवे पडते. ही ठेच लागू नये अशी वाट काढणे म्हणजेच चाल लावणे होय. शेकडो चिजा सगळ्यांनाच येत होत्या. ही चीज ह्या जागी, ह्या गळ्यासाठी, हे एकाला सुचले. निवड हीही निर्मितीच आहे, असे आम्ही म्हणतो. ज्यांस हे पटणार नाही त्यांनी एकदा एखादे पद दुसऱ्या चालीवर म्हणून पाहावे.

'मानापमाना'चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झाला. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर नानासाहेब जोगळेकर. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी निवर्तली आणि तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले, ही आठवण मराठी माणूस आजही हलक्या आवाजात सांगतो, आणि ती सांगण्यासारखीच आहे. पण ज्या तिशीच्या आतल्या माणसाने साऱ्या नाटकाच्या चाली पणाला लावल्या होत्या, त्याची ती रात्र कशी गेली असेल ह्याची विचारपूस कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. चाली लोकांनी डोक्यावर घेतल्या एवढे खरे. त्या कोल्हापुरापासून नागपुरापर्यंत, आणि कंपन्यांच्या दौऱ्यांबरोबर बडोदा-इंदूरपर्यंत गेल्या.

यशाबरोबर कंपनीत कुरबुरी येतात, हे नाट्यसृष्टीत ठरलेलेच. १९१३ साली बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिचे तीन मालक: बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे. संगीतकार कंपनीचा भागीदार झाला, हीही त्या काळी नवीच गोष्ट. टेंब्यांनी तेथे नायकांच्या भूमिकाही केल्या. परंतु तीन मानी माणसांची भागीदारी फार काळ टिकली नाही. काही वर्षांतच टेंबे वेगळे झाले, पुढे बोडसही गेले. टेंब्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली आणि संगीतकार, नट, मालक अशा तिन्ही टोप्या एका डोक्यावर घातल्या. त्यांना व्यवहार साधला नाही. कंपनी चालविणे म्हणजे पन्नास-पाऊणशे माणसांचे बिऱ्हाड गावोगाव हलविणे. पडदे, कपडे, आचारी, नाटकगृहाचे भाडे, पावसाळ्याचे मुक्काम. पेटीवर फिरणारी बोटे हिशेबाच्या वहीवर फिरतातच असे नाही.

इकडे गंधर्व मंडळीत चालींची जागा भास्करबुवा बखल्यांनी घेतली. भास्करबुवा लहानपणी किर्लोस्कर मंडळीतच बालनट होते. आवाज फुटला आणि त्यांची तेथली सद्दी संपली. तेच भास्करबुवा मोठे गवई होऊन परतले आणि १९१६ साली खाडिलकरांच्याच 'स्वयंवरा'ला त्यांनी अशा चाली दिल्या की ख्यालाची भारदस्त बंदिश रंगभूमीवर राणीसारखी वावरू लागली. टेंब्यांनी दार उघडले ठुमरीसाठी. त्याच दारातून बुवांनी यमन आणि भूप आत आणले. गुरूने शिष्याच्या वाटेने जावे असे कलेत क्वचित घडते. टेंब्यांनी त्याबद्दल आकस धरल्याचे दिसत नाही. बुवांचे ऋण ते आयुष्यभर सांगत राहिले.

येथे एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. नाहीतर आमचे हे लिहिणे नुसती आरती ठरेल. ठुमरी आणि ख्याल रंगभूमीवर आले, त्याबरोबर बैठकही आली. एका पदाला वन्समोअर, दोन, तीन. नायिका रुसून बसलेली आणि नायक कोपऱ्यात ताटकळत उभा. नाटक रात्री सुरू होऊन पहाटे संपू लागले. ज्या चालींनी पात्राचे मन उघडले, त्यांनीच पुढे नाटकाचा ओघ अडविला. पुढच्या काळात संगीत नाटक खालावले त्याला बोलपट, कर्ज, बदललेली अभिरुची अशी पुष्कळ कारणे आहेत. परंतु ह्या दोषाचे बी 'मानापमाना'च्या गोडव्यात होते, हे नाकारता येत नाही. टेंब्यांच्या चाली स्वतः आटोपशीर आहेत. आटोप सुटला तो गाणाऱ्यांच्या आणि मुख्यतः ऐकणाऱ्यांच्या हातून. आम्हीही गेल्या गणेशोत्सवात वन्समोअर दिला होता; तेव्हा ह्या आरोपातून आमची सुटका नाही.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श एकत्र आल्या. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात ह्या रात्रीइतके वर्णन दुसऱ्या रात्रीचे झाले नसेल. दोन गळ्यांची ती झुंज, तिकिटांसाठी उडालेली झुंबड, आणि तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवरावांचा झालेला अकाली अंत. हे सर्व पुनःपुन्हा लिहिले गेले आहे. झुंज दोघांची, पण दोघांच्या हातातली शस्त्रे एकाच लोहाराने घडविलेली होती. पुढे दीनानाथांनी धैर्यधराची पदे आपल्या तेजाळ गायकीने अशी गायिली की ती दीनानाथांचीच झाली. दहा वर्षांत एकच चाल तीन माणसांच्या नावावर चढते आणि जिथून निघाली ते नाव मागे पडते. कोणी कोणावर अन्याय केला असे नव्हे. गळा डोळ्यांसमोर असतो, चाल नसते.

कंपनी बुडाली म्हणून टेंबे बसून राहिले नाहीत. त्यांनी नाटके लिहिली. त्यांतले 'पटवर्धन' तर संबंध पद्यात आहे. आणि वयाच्या पन्नाशीत, ज्या वयात आमच्या खात्यातली माणसे निवृत्तिवेतनाची कोष्टके पाहू लागतात, ते एका नव्या धंद्यात शिरले. १९३२ साली कोल्हापुरात प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला. त्याचे दिग्दर्शक शांताराम, तारामती दुर्गाबाई खोटे, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, आणि संगीतही टेंब्यांचेच. तेव्हा पार्श्वगायन नव्हते. नटाने यंत्रासमोर उभे राहून स्वतःच गावयाचे, वाजविणाऱ्यांनी चित्रात न दिसेल अशा बेताने बसावयाचे, आणि चुकले की सर्व पुन्हा. ज्याला गाता येते, बोलता येते आणि चालही बसविता येते, असा माणूस म्हणजे तीन पगारांची बचत! त्याच चित्राची हिंदी आवृत्ती निघाली. त्यापाठोपाठ 'अग्निकंकण', 'माया मच्छिंद्र', 'सिंहगड' आले. पुढे प्रभातमध्ये केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव आले आणि टेंब्यांची ती पाळी संपली. त्यांनी सुरू करावे आणि दुसऱ्यांनी पुढे न्यावे, हा क्रम रंगभूमीवर घडला तसाच पडद्यावरही घडला.

उत्तरायुष्यात त्यांनी लेखणी धरली. 'माझा संगीत-व्यासंग' आणि 'माझा जीवनविहार' ही पुस्तके आम्ही ह्या निमित्ताने प्रथमच वाचली, आणि इतकी वर्षे का वाचली नाहीत ह्याचे वाईट वाटले. अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्रही त्यांनी लिहिले. गवयांच्या आठवणी म्हणजे बहुधा चमत्कारांची पोतडी. अमक्याने मल्हार गायिला आणि पाऊस पडला, इत्यादी. टेंबे असे लिहीत नाहीत. कोणाच्या गाण्यात काय होते आणि काय नव्हते ते ते सांगतात. दुसऱ्याच्या गुणाचे मोजमाप करताना स्वतःला मध्ये न आणण्याची जी संवय साथीला बसून लागते, ती त्यांच्या गद्यातही उतरली आहे. मात्र 'मानापमाना'च्या चालींचे श्रेय आपल्याला मिळाले की नाही, असा कांगावा शोधू म्हणाल तर निराशा होईल.

आता दिल्लीचा संबंध. १ मार्च १९४० पासून अखिल भारतीय नभोवाणीने आपल्या सर्व केंद्रांवर गाण्याच्या साथीला पेटी वाजविण्यास बंदी घातली. त्या खात्याचे प्रमुख तेव्हा लायोनेल फील्डन हे इंग्रज गृहस्थ होते. परंतु ह्या मताचे आपल्याकडचेही थोर थोर लोक होते, आणि खुद्द रवींद्रनाथांनी बंदीला पाठिंबा दिला होता. युक्तिवाद खोटा नव्हता. पेटीचे स्वर पट्ट्यांत कायमचे बांधलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही, आणि आपल्या रागांना लागणाऱ्या बारीक श्रुती तिला ठाऊक नाहीत. वाद्यही परदेशातून आलेले. हे सर्व खरे. पण टेंब्यांनी आयुष्य घालविले ते नेमके हेच खोटे पाडण्यात. भात्याचा दाब किंचित सैल करून, एक पट्टी पुरती न सोडता दुसरी हलकेच दाबून, नसलेली मींड आहेशी भासविणे ही त्यांची विद्या. साथ सोडून ते पेटीचे स्वतंत्र वादन करीत आणि ऐकणाऱ्याला गाणे ऐकल्याचा भास होई. असा माणूस एकोणसाठीत असताना दिल्लीहून परिपत्रक निघते की हे वाद्य आमच्या दाराशी नको. परिपत्रके काढणाऱ्या शहरात राहणाऱ्या आम्हांला ह्या गोष्टीची लाज वाटावी की नाही, हे आम्ही अजून ठरविलेले नाही. परिपत्रक काढणाऱ्याला ते कोणाकोणाच्या पानात पडते हे दिसत नाही. ते टंकून देणाऱ्याला तर त्याहून नाही.

ही बंदी १९७१ पासून हळूहळू सैल झाली. टेंब्यांना ते पाहावयास मिळाले नाही. पण त्यांनी अबोलाही धरला नाही. ज्या नभोवाणीने त्यांचे वाद्य बाहेर ठेवले, तिच्यासाठीच त्यांनी 'महाश्वेता' ही संगीतिका रचली. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी त्यांचा अंत झाला, तो नवी दिल्लीत. कोल्हापूरचा माणूस, आयुष्यभर पूर्वेकडचे, उत्तरेकडचे, दक्षिणेकडचे सूर वेचून मराठीत आणीत राहिला, आणि देह ठेवला तो आम्हां बदलीवाल्यांच्या ह्या गावी. आकाशवाणी भवनावरून आमची बस रोज जाते. ह्या लेखासाठी वाचन करीपर्यंत त्या रस्त्याशी त्यांचा काही संबंध जोडावा असे आम्हांला कधी सुचले नव्हते.

त्यांच्यामागून ती जागा रिकामी राहिली नाही. मास्टर कृष्णरावांनी 'कुलवधू'ला, वसंत देसायांनी 'पंडितराज जगन्नाथ'ला, जितेंद्र अभिषेकींनी 'मत्स्यगंधा'ला आणि 'कट्यार काळजात घुसली'ला चाली दिल्या, आणि त्यांची नावे जाहिरातींत नाटककाराच्या बरोबरीने छापली गेली. अभिषेकींचे नाव वाचून तिकीट काढणारा प्रेक्षक निर्माण झाला. १९११ साली अशी जाहिरात कोणाच्या स्वप्नातही आली नसती.

यंदाच्या गणेशोत्सवाची पत्रिका पुन्हा आमच्याकडेच आली आहे. ह्या खेपेस प्रत्येक पदापुढे नाटककार, संगीतकार आणि गायक अशी तीन नावे घातली, तेव्हा मजकूर एका पानाबाहेर गेला. छापखानदाराने दूरध्वनी करून सुचविले की मधला रकाना गाळला तर खर्च वाचेल आणि अक्षरही मोठे येईल. कार्यकारिणीची बैठक रविवारी आहे. लेखापरीक्षण खात्यातल्या त्या गृहस्थांना आम्ही मुद्दाम निरोप धाडला आहे, की काका, बैठकीला अवश्य या आणि चष्मा घेऊन या; कारण रकाना ठेवावयाचा झाला तर अक्षर बारीकच राहणार.